होडीच्या जुन्या इंजिनातील प्रज्वलनदोष : शोध आणि उपाय

पुणे–सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. येथून जवळच, भीमानगर येथे, भीमा नदीवरील उजनी धरण उभे आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणामुळे सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा यशवंतसागर जलाशय निर्माण झाला. त्याच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीचे रूप पालटले. त्याचबरोबर नदीकाठची जुनी गावे आणि रस्ते पाण्याखाली गेले व पूर्वी सहज ओलांडता येणारे पात्र विस्तीर्ण झाले. परिणामी माढा, करमाळा आणि इंदापूर या तालुक्यांच्या जलाशयालगतच्या भागात होडी हे नित्याच्या गरजेचे साधन बनले. मासेमारीसाठी, पैलतीरावरील गावी जाण्यासाठी, तसेच भिगवण परिसरात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या पर्यटकांसाठी होड्यांचा वापर होतो. यांपैकी काही वल्ह्यांवर चालतात, तर काहींना इंजिन बसविलेले असते.

होडीच्या मागील फळीवर टांगून बसविण्याच्या व दोरी ओढून सुरू करण्याच्या इंजिनास आउटबोर्ड इंजिन म्हणतात. ही इंजिने हाताळण्यास सोपी असतात व नीट जपल्यास अनेक वर्षे टिकतात. परंतु जुन्या इंजिनाची एक तक्रार हमखास ऐकू येते. काठावर ते सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन भर पाण्यात बंद पडते. या तक्रारीचे मूळ पुष्कळदा प्रज्वलनव्यवस्थेत, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत असते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. ही दुर्घटना वाऱ्यामुळे घडली. परंतु वैशाख-ज्येष्ठातील वळवाचा वारा या पाण्यावर किती अल्पावधीत उठतो, हे तिने दाखवून दिले. अशा वेळी इंजिन चालू असेल तर होडीचे तोंड लाटांकडे ठेवता येते. इंजिन बंद पडले तर होडी लाटांना आडवी होते आणि उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून इंजिनातील दोष काठावरच, अंदाजाने नव्हे तर क्रमाने शोधून काढणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी होय.

ठिणगी कशी निर्माण होते?

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. याच तत्त्वावर चालणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली तयार झाला. पुढे १९०९ पासून अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी होडीची आउटबोर्ड इंजिने विकण्यास प्रारंभ केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यामुळे लहान होडीसाठी तो विशेष सोयीचा ठरला.

इंजिनाच्या माथ्यावरील फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसविलेले असतात. त्याखालील तबकडीवर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर असतात. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. दोरी ओढताच चुंबक कॉइलजवळून फिरतात व जाड तारेत वीज वाहू लागते. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, हा प्रवाह तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तोच प्लगच्या टोकांमधील फटीत ठिणगी पाडतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत, यासाठी कंडेन्सरची योजना असते. मिनिटाला ४,५०० फेरे करणाऱ्या दुधावी, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ७५ वेळा ही क्रिया घडते. म्हणूनच पॉइंटवरील बारीकशी काजळी किंवा फटीतील केसाएवढा फरकही इंजिन बंद पाडण्यास पुरेसा होतो.

टेंभुर्णीसारख्या गावातील जुन्या कारागिरांना ही रचना अपरिचित नाही. लुना, जुनी बजाज स्कूटर यांसारख्या वाहनांत हेच तत्त्व वापरलेले होते. त्या वाहनांचे पॉइंट साफ करणारा हात होडीचे इंजिनही समजू शकतो. त्याला केवळ पाण्यावरील यंत्राचे काही विशेष नियम ठाऊक हवेत.

दोष ठिणगीचा की इंधनाचा?

इंजिन सुरू होण्यास योग्य मिश्रणाचे इंधन, सिलिंडरमधील पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. पुष्कळदा कार्ब्युरेटर खोलून दिवस घालविला जातो आणि दोष अखेर प्लगमध्ये सापडतो. ही चूक टाळण्यासाठी आठ-दहा वेळा दोरी ओढून झाल्यावर प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचत आहे, मात्र ते पेटत नाही, असा संशय घ्यावा. प्लग पूर्ण कोरडा असेल तर प्रथम इंधनाच्या वाटेकडे वळावे. टाकीची हवेची मळसूत्री बंद असणे, नळी चेपणे, किंवा महिनोन् महिने साठवून ठेवलेले पेट्रोल ही त्याची नेहमीची कारणे होत. आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते दीर्घकाळ साठवू नये.

प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग सुस्थितीचा निदर्शक होय. काळा, तेलकट थर असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल प्रमाणाबाहेर पडत आहे, किंवा ठिणगी क्षीण आहे, असे समजावे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑईलचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. काही जुन्या इंजिनांना २४ भाग पेट्रोलास १ भाग ऑईल लागते, तर काहींना ५० भागांस १ भाग पुरते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ या समजुतीने ओतलेले ऑईल प्लग काळा करते. रॉकेलवर चालणारे इंजिन असल्यास ते थांबविण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर चालवावे, अन्यथा पुन्हा सुरू होताना त्रास देते.

तपासणीपूर्वीची दक्षता

ठिणगीची तपासणी म्हणजे पेट्रोलजवळ आग पाडणे होय. म्हणून इंधनाची टाकी दूर न्यावी, सांडलेले पेट्रोल पुसावे, वारा खेळता ठेवावा व जवळ कोणीही धूम्रपान करू नये. इंजिन न्यूट्रलमध्ये असावे. पंख्याजवळ कोणीही, विशेषतः मुले, उभी राहू नयेत. प्लग किंवा त्याची तार उघड्या हाताने धरू नये; रबरी मुठीची पकड वापरावी. इंजिन प्रत्यक्ष चालवून पाहावयाचे असल्यास त्याचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवावा. आउटबोर्ड इंजिन बाहेरच्या पाण्याने थंड होते. कोरडे चालविल्यास त्याचा पाण्याचा पंप थोड्याच वेळात जळतो.

ठिणगीची परीक्षा

सर्वप्रथम नवा किंवा खात्रीचा प्लग घ्यावा. त्याच्या टोकांमधील फट पुस्तिकेत दिलेल्या मापाची, बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान, असावी. प्लग तारेला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा व प्लगच्या छिद्रापासून दूर ठेवावा. छिद्र कापडाने झाकावे. नंतर दोरी जोराने ओढावी. निळसर, तडतड आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक किंवा मधूनच चुकणारी ठिणगी दुर्बल समजावी. उघड्या हवेत जेमतेम पडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखाली पडेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

इंजिन दोन सिलिंडरचे असेल तर निदान अधिक सोपे होते. दोन्ही प्लगची परीक्षा घ्यावी. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर प्लग खराब आहे. तो जागीच राहिला तर त्या सिलिंडरची तार, कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर सदोष आहे. दोन्ही सिलिंडर एकाच वेळी मृतवत झाले असतील, तर दोन्हींना समान असलेल्या भागात, म्हणजे बंद करण्याचा स्विच, त्याची तार किंवा फ्लायव्हील यांत दोष शोधावा. दोन स्वतंत्र कॉइल एकाच दिवशी जळणे हा क्वचितचा योगायोग होय. एका सिलिंडरवर इंजिन थरथरत का होईना चालते. त्यामुळे दोष लपून राहतो आणि भरलेली होडी वाऱ्याविरुद्ध नेताना तो उघड होतो.

बंद करण्याचा स्विच

या इंजिनात दिव्याच्या बटणाच्या उलट व्यवस्था असते. दिवा विझविण्यासाठी वीज तोडावी लागते. मॅग्नेटोचे इंजिन थांबविण्यासाठी मात्र जाड तारेतील वीज इंजिनाच्या सांगाड्याला जोडून दिली जाते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. स्विचच्या तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला लागली, किंवा स्विचमध्ये ओलावा शिरला, तर इंजिनाच्या दृष्टीने ते कायमचे ‘बंद’च असते.

म्हणून प्लगनंतर दुसरी तपासणी स्विचची करावी. दोरीने चालकाच्या मनगटाला बांधावयाची आपत्कालीन क्लिप ज्या इंजिनांना असते, त्यांत ती आपल्या जागी आहे काय हे आधी पाहावे. ती निघालेली असल्यास निर्दोष इंजिनही सुरू होत नाही. त्यानंतर स्विचची तार मॅग्नेटोपासून तात्पुरती सोडवून पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी परत आली तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे हे सिद्ध झाले. तपासणी होताच तार पूर्ववत जोडावी. ती तशीच सोडून ठेवल्यास चालू इंजिन स्विचने थांबविता येणार नाही आणि चालक पाण्यात पडल्यास होडी त्याच्यावाचून धावत राहील.

याच वेळी प्लगची जाड तार व तिचे रबरी टोपण तपासावे. अंधारात दोरी ओढली असता तारेच्या भेगेतून ठिणगी सांगाड्याकडे उडताना दिसते. ओलाव्यामुळेही असे घडते. पावसात किंवा पहाटेच्या दवात राहिलेल्या इंजिनाच्या तारा कोरड्या कापडाने पुसल्यावर ते पुष्कळदा सुरू होते.

पॉइंट आणि कंडेन्सर

इतके करूनही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलखाली पाहावे लागते. काही इंजिनांत फ्लायव्हीलला खिडकी असते व तिच्यातून पॉइंट दिसतात. इतरांत फ्लायव्हील पुलरने काढावे लागते. ते हातोड्याने ठोकून काढू नये. त्यामुळे चुंबक तडकतात व क्रँकशाफ्टचे टोक बिघडते. हे काम होडीत न करता काठावर, स्वच्छ जागी करावे.

अनेक महिने न वापरलेल्या इंजिनाच्या पॉइंटवर करड्या रंगाचा गंज चढतो. तो दिसावयास नगण्य असला तरी वीज अडवितो. बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने पॉइंट हलकेच साफ करून, नंतर स्पिरिटमध्ये भिजविलेला कोरा जाड कागद त्यांच्यामधून ओढावा. कागदाचा किंवा कापसाचा तंतू मागे राहू देऊ नये. पॉइंट पूर्ण उघडले असताना फीलर गेजने फट मोजावी. अनेक जुन्या इंजिनांत ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमके माप पुस्तिकेतून घ्यावे. पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजला की फट कमी होत जाते. त्यामुळे चांगले चालणारे इंजिनही हळूहळू सुरू होण्यास अवघड होते. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त ग्रीस उडून पॉइंटवर बसते.

पॉइंट वारंवार जळत असतील, त्यांच्यावर एका बाजूस खळगा व दुसऱ्या बाजूस उंचवटा येत असेल, तर कंडेन्सर सदोष असण्याचा संभव असतो. पॉइंट बदलताना कंडेन्सरही नवा बसविणे हिताचे ठरते. त्याची किंमत कॉइल किंवा नव्या इंजिनाच्या तुलनेत अल्प असते.

तापल्यावर बंद पडणारे इंजिन

सकाळी पहिल्याच ओढीत सुरू होणारे, पंधरा-वीस मिनिटे नीट चालणारे, नंतर एकाएकी थांबणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारे इंजिन सर्वांत फसवे होय. काठावरील तपासणीत ते निर्दोष ठरते आणि जलाशयाच्या मध्यावर दगा देते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कॉइलच्या आवरणातील भेग. उष्णतेने ती रुंदावते व वीज आतल्या आत निसटते. कंडेन्सरही असाच तापल्यावर निकामी होतो. असे इंजिन पिंपात चालवून तापू द्यावे आणि बंद पडताच, थंड होण्यापूर्वी, ठिणगी पाहावी. ठिणगी गेलेली असेल तर कॉइल व कंडेन्सर तपासावेत. ठिणगी कायम असेल तर इंधन किंवा पाण्याच्या अभावी इंजिन तापणे, याकडे पाहावे. मल्टीमीटरने कॉइलचा रोध मोजणे उपयुक्त असले, तरी थंड कॉइलचे माप बरोबर आले म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

ठिणगी आहे, पण वेळ चुकली

उजनीच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते हे सर्वश्रुत आहे. त्याचप्रमाणे जुन्या गावठाणांतील दगड आणि खोडे पृष्ठभागाजवळ येतात. पंखा अशा अडथळ्यावर आदळला की पंख्याची पिन तुटते. क्वचित प्रसंगी एकाएकी अडलेल्या इंजिनात फ्लायव्हीलची चावीही कापली जाते. सैल राहिलेल्या नटामुळेही हे घडते. मग फ्लायव्हील किंचित सरकते आणि ठिणगी भलत्याच क्षणी पडते. ठिणगी चांगली, प्लग ओला, तरीही इंजिन सुरू होत नाही, उलट दोरी हातातून हिसकते किंवा कार्ब्युरेटरमधून भडका येतो, ही त्याची लक्षणे होत. अर्धवट कापलेली चावी ताबडतोब बदलावी आणि नट पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावा.

पॉइंट नसलेली इंजिने

त्यामानाने अलीकडच्या इंजिनांत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. तीस कारागीर सीडीआय म्हणतात. तीत झिजणारा भाग नसला तरी दोष शोधण्याचा क्रम तोच राहतो. प्लग, स्विच, तारा, जोडण्या व सांगाड्याशी असलेला संपर्क आधी पाहावा. कॉइलचा रोध पुस्तिकेशी ताडून पाहावा. आणि सर्वांत शेवटी सीडीआय पेटीवर संशय घ्यावा. तिची किंमत बरीच असल्याने ‘बदलून पाहू’ ही पद्धत महागात पडते. अशा इंजिनात प्लगची तार मोकळी ठेवून दोरी ओढू नये. दोन्ही तारांना प्लग लावून ते सांगाड्याला टेकवावेत, अन्यथा पेटी निकामी होऊ शकते.

भर पाण्यात इंजिन थांबल्यास

पाण्यावर इंजिन थांबल्यास पहिले काम इंजिन खोलणे हे नव्हे. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घातली आहेत याची खात्री करावी व प्रवाशांस खाली बसवावे. वल्ह्यांनी किंवा पुढील बाजूने सोडलेल्या नांगराने होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे. त्यानंतरच क्लिप, स्विच, इंधन आणि प्लग एवढेच तपासावे. इंजिन असलेल्या होडीतही वल्ही, नांगर व दोर, दोन नवे प्लग, प्लगचा पाना, सुरू करावयाची जादा दोरी आणि कोरडे कापड असावे. फ्लायव्हील पाण्यावर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पंचायत, संस्था आणि शाळा यांचे कार्य

यांत्रिक जलयानांची नोंदणी, तपासणी आणि सुरक्षासाधने यांसंबंधी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या अधिनियमाच्या जागी आला आहे. कायद्याची अंमलबजावणी संबंधित यंत्रणा करील. परंतु काठावरील दैनंदिन दक्षता गावालाच घ्यावी लागेल. जलाशयालगतच्या ग्रामपंचायतींनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी फीलर गेज, पुलर, मल्टीमीटर व पान्यांचा एक संच सामाईक ठेवल्यास तो अनेक होड्यांना पुरेल. प्रत्येक इंजिनाची नोंदवही असावी. प्लग केव्हा बदलला, पॉइंटची फट किती ठेवली, इंजिन कोठे व किती वेळाने बंद पडले, या चार ओळींच्या नोंदी पुढील निदान निम्मे सोपे करतात. वळवाच्या दिवसांपूर्वी, म्हणजे एप्रिलअखेर, आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांना अशा तपासणीसाठी पाचारण करता येईल. शिक्षकांनाही येथे एक संधी आहे. माध्यमिक शाळेत विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा पाठ शिकविताना एखादे निकामी मॅग्नेटो वर्गात दाखविले, तर होडीतून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला फॅरडेचा नियम आणि आपल्या घरातील इंजिन यांचा संबंध उमगेल.

जुने इंजिन वापरणे हा दोष नव्हे. नव्या इंजिनाचा खर्च प्रत्येक कुटुंबास पेलणारा नाही. मात्र ‘दोन-चार वेळा ओढले की लागते’ अशा इंजिनावर विसंबून होडी पाण्यात लोटणे निश्चितच धोक्याचे आहे. जे इंजिन काठावर पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होत नाही आणि तापल्यावर टिकत नाही, त्याच्या होडीत प्रवासी बसवू नयेत, एवढा एक नियम जरी प्रत्येक घाटावर पाळला गेला, तरी पैलतीरी जाणाऱ्यांच्या जीविताचे बऱ्याच अंशी रक्षण होईल.